सुईणबाईचं नाव
ऑइलपेंटचा वास आला की मला कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीच्या समाजमंदिराची भिंत आठवते. निम्म्या गल्लीची बाळंतपणं केलेल्या सुईणबाईचं नाव त्या भिंतीवर होतं, आणि ते पुसून तिथं एका पुढाऱ्याच्या वडिलांचं नाव घालायला रंगारी आले होते. माझी आई भाकरी थापायची सोडून पिठाच्या हातानंच धावली आणि नावाला पाठ लावून उभी राहिली. "मावशी, बाजूला व्हा," पुढारी म्हणाला. "न्हाय हटत! तुझी नाळ कुणी कापली, इचार की तुझ्या आईला!" बघता बघता गल्लीतल्या सगळ्या बाया तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि रंगारी डबे उचलून गेले. आई आता नाही. नाव तिथंच आहे; ते पुसायला कुणी येऊनच बघावं.