खाडी सरकली तो मंगळवार

इथले गूढ अनुभव मी गेली काही वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. विश्वास... शून्य. भोपाळमधल्या एका मोठ्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कागदावर सही करायची नाही, हेच माझं काम. म्हणून पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते.

आम्ही अयोध्या नगरात राहतो. मी, बायको मंजिरी, आणि तेव्हा माझे वडील — अण्णा. अण्णा सरकारी खात्यात नकाशे काढायचे. नोकरीसाठी कोकणातून इथे आले आणि इथलेच झाले. वयाच्या ऐंशीनंतर काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून एकच ध्यास — आपल्या गावाचा भूगोल आणि इतिहास लिहून काढायचा. ते सांगायचे, मी वहीत उतरवायचो.

गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, अगदी समुद्राला लागून. नाव देत नाही. अर्धचंद्रासारखा किनारा. दक्षिण टोकाला हत्तीखडक, त्याच्या पायथ्याशी खाडीचं मुख. उत्तर टोकाला सुरूचं बन आणि बनामागे माझ्या आत्याचं घर. एके काळी आगबोट बाहेर खोल पाण्यात थांबायची, उतारू पडावातून खाडीत यायचे. मग खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपलं. अण्णांचं लिखाण तिथेच अडलं होतं — आज खाडीचं मुख नेमकं कुठे आहे? आत्याला एक फोन पुरला असता. पण वाटणीवरून बहीण-भावात वीस वर्षांचा अबोला.

जानेवारीत मी कामासाठी मुंबईला निघालो. अण्णा म्हणाले, "एक दिवस काढ. नुसतं बघून ये."

मी हो म्हणालो. आणि गेलो नाही. कारणही मोठं नाही हो... काम संपलं, कंटाळा आला, गेस्ट हाउसवर दिवसभर झोपून राहिलो.

मंगळवारी घरी परतलो. दुपारी साधारण चारला अण्णांनी वही काढायला लावली.

"बघितलास ना समुद्र? नाहीतर इथल्या तलावालाच समुद्र म्हणणारी तुमची जात."

"बघितला."

"मग? मुख कुठे आहे?"

'होतं तिथेच' म्हणालो असतो तर त्यांनी खुणा विचारल्या असत्या — कुठला दगड, कुठली पायरी — आणि मी पकडला गेलो असतो. म्हणून म्हणालो, "सगळंच बदललंय, अण्णा. हत्तीखडकापाशी वाळूचा बांध पडलाय. पाणी आता उत्तरेला फुटलंय, सुरूच्या बनातून. तीन सुरू पाण्यात उभे आहेत."

"जिवंत?"

"मधला वाळलाय."

हे 'मधला वाळलाय' कुठून आलं, मला आजही माहीत नाही. अण्णा म्हणाले, "लिही."

लिहिलं. माझ्याच अक्षरात.

गुरुवारी सकाळी आत्याचा फोन आला. ती कधीतरी मला करायची, अण्णांना चोरून.

"विनू, खाडी फुटली रे माझ्या दारात! वारा नाही, पाऊस नाही. मंगळवारी चहा टाकत होते, चार वाजले असतील... आवाज आला म्हणून बाहेर आले तर बनातून पाणी. हत्तीखडकाखाली आता पोरं क्रिकेट खेळतायत."

मी विचारलं, "सुरू किती आहेत पाण्यात?"

"तीन. आणि ऐक, मधला एका रात्रीत वाळला. परवापर्यंत हिरवागार होता. पण तुला रे कसं सुचलं हे विचारायचं?"

मी फोन ठेवला. मंजिरीला सगळं सांगितलं. ती भोपाळचीच, सरळ म्हणाली, "टेन्शन का घेता? लिहिलंय तर मिटवून टाका ना."

म्हणून दुपारी अण्णांना म्हणालो, "खाडी पुन्हा दक्षिणेला गेलीय म्हणे. ते वाक्य खोडू या."

ते हसले. "कोण म्हणतं? तुझी आत्या? ती लहानपणापासून थापाडी. तू डोळ्यांनी बघून आलायस. खोडायचं नाही."

तेव्हा मात्र धीर सुटला. पाय धरले त्यांचे. म्हणालो, "अण्णा, मी गेलोच नव्हतो." मग आत्याच्या दारातलं पाणीही सांगितलं.

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "पाणी घरापासून किती लांब आहे?"

"तीस-चाळीस पावलं, आत्या म्हणाली. रोज पुढे येतंय."

"लिही. सुरूच्या बनामागे माझ्या बहिणीचं घर आहे. अंगणात विहीर आहे आणि तिचं पाणी गोडं आहे."

"अण्णा, मी आता न बघता काही लिहिणार नाही."

"मी बघितलंय," ते म्हणाले. "लिही."

मी लिहिलं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून आत्याला फोन लावायला सांगितला. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही. दार लोटून बाहेर उभा राहिलो. पुढच्या महिन्यात अण्णा झोपेतच गेले.

नंतर मी गावाला खरोखर जाऊन आलो. खाडी उत्तरेलाच आहे. तिथल्या कॉलेजातले एक भूगोलाचे सर म्हणाले, खाडीची मुखं सरकतात, नवल नाही. असेलही. पण भरतीचं पाणी आत्याच्या पायरीपर्यंत येऊन थांबतं, पायरी कधी ओली होत नाही. विहीर खाऱ्या पाण्यापासून चार हातांवर. मी प्यायलो... गोडं पाणी.

घराच्या बाजूला आत्याचे अकरा माड होते, तिच्या सासऱ्यांनी लावलेले. वर्षाचा तिचा खर्च त्यांच्यावर चालायचा. ते एकेक करून पाण्यात आडवे होतायत. भोपाळला परतल्यावर मी वहीत अण्णांच्या वाक्याखाली 'माड उभे आहेत' असंही लिहून पाहिलं. दुसऱ्याच आठवड्यात आणखी दोन पडले.

आत्या फोनवर विचारते, "घर राहिलं, विहीर राहिली. मग माझ्या माडांनीच काय केलं होतं रे?"

त्या दुपारी माड अण्णांना आठवले नाहीत, आणि मलाही नाही — हे तिला कसं सांगू?