चौकीदाराची कॉलर

रविवार, १५ फेब्रुवारी. कामठीचा आमचा फोटो स्टुडिओ महिनाअखेर रिकामा करून द्यायचा होता, म्हणून मी आणि माझी मुलगी आमू सकाळपासून आवरत होतो. मागचे पडदे, स्टुलं, लाइटचे स्टँड, लोकांनी न नेलेली पासपोर्ट फोटोंची पाकिटं. संध्याकाळी एक जण जुना कॉम्प्युटर घ्यायला येणार होता.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझ्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर गेली, असं माझे सासरे हसत सांगायचे. आम्ही राहतो नागपुरात, नंदनवनला, मी तिथल्याच एका शाळेत हेड क्लार्क आहे. ज्याला कागद नाही ते मी मानत नाही. म्हणून जे झालं ते फक्त क्रमाने लिहिते...

हा स्टुडिओ आमूच्या बाबांनी तीस वर्षं चालवला. पासपोर्ट, लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो. क्लिक करण्याआधी ते उठून जायचे, समोरच्याची कॉलर दोन बोटांनी सरळ करायचे आणि परत कॅमेऱ्यामागे यायचे. गिऱ्हाईक कोणीही असो.

आमूला फोटो जर्नलिझम शिकायचं होतं. गेल्या सप्टेंबरात ती तीन महिन्यांसाठी टांझानियाला गेली. सकाळी एका गावातल्या शाळेत व्हॉलंटिअर म्हणून शिकवायचं आणि दुपारी तिथल्या साप्ताहिकाच्या फोटोग्राफरसोबत फिरायचं. स्वतः पैसे भरून फुकट काम करायला लोक परदेशात जातात, हे मला तेव्हाच कळलं. मी कुरकुरले. बाबांनी मात्र स्वतःचा चांगला कॅमेरा तिला दिला, तारीख-वेळ लावून दिली.

ती फोटो पाठवायची आणि फोनवर दोघांचं जुंपायचं.

"काहून वं, त्या मास्तरची कॉलर वाकडी होती, दिसली नाही का तुले?"

"दिसली ना बाबा. पण हात नाही लावायचा. पहिल्याच दिवशी शिकवलं आम्हाला. हात लावला की फोटो खोटा होते."

"खोटा कायले होते? माणूस नीट दिसते फक्त."

"तुमचा पासपोर्ट फोटो नाही हा."

"हो वं बाई, तू मोठी पेपरवाली झाली आता," असं म्हणून ते दिवसभर खूश.

ती गेल्यावर महिनाभरातच त्यांच्या किडन्या गेल्याचं कळलं. "पोरीले सांगू नको, धावत येईन ते," असं सुरुवातीला तेच म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून लपवलं. नोव्हेंबरात ॲडमिट करावं लागलं. एका गुरुवारी दुपारी, चांगले शुद्धीवर असताना, ते म्हणाले, "आमूले बोलाव आता."

मी म्हटलं, "दहा-बारा दिवस राहिलेत तिचे. अर्धवट टाकून येईल का ती? डॉक्टर स्टेबल म्हणतात."

"बरं," म्हणाले. परत विषय काढला नाही.

सोमवारी सकाळी दहा चाळीसला ते गेले. आमू बुधवारी पोचली. अंत्यविधी मंगळवारीच उरकला होता. थांबून काय करायचं, हा निर्णयही माझाच. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे जेवत असताना ती मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "आई, बाबांनी माझं नाव घेतलं होतं का?"

"शुद्धीवर नव्हते गं," मी म्हटलं.

त्यानंतर तिने कॅमेऱ्याची बॅग उघडली नाही. परत गेली नाही, कुठे अर्ज केला नाही. त्या रविवारी बॅग सोबत घेऊन आली ती कॅमेराही विकून टाकायला. मी नको म्हटलं नाही.

संध्याकाळी तो माणूस यायच्या आधी कॉम्प्युटर चालतो का ते पाहायचं होतं. तिने बॅगेतून कार्ड काढून लावलं. स्क्रीनवर फोटो उघडले.

"तिथल्या शेवटच्या दिवसाचे हायेत, त्या सोमवारचे," आमू म्हणाली. "हा शाळेचा चौकीदार. उभं राहा म्हटलं की लाजायचा म्हातारा."

पहिल्या फोटोत पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा भिंतीपाशी उभा. दोन्ही हात काठीवर. कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. आमूने पुढचा फोटो उघडला आणि तिथेच थांबली.

फोटोच्या डाव्या कडेतून कोपरापर्यंतचा एक हात आत आला होता. दोन बोटं म्हाताऱ्याच्या कॉलरला लागलेली.

त्यापुढच्या फोटोत हात नव्हता. म्हातारा तसाच, दोन्ही हात काठीवर. कॉलर सरळ.

"तू लावला का हात?" मी विचारलं.

"मी कशी लावीन आई? माझे दोन्ही हात कॅमेऱ्याले. आणि तिथं कोणीच नव्हतं, पोरं वर्गात होती."

तिने फोटोतला हात मोठा करून पाहिला. करंगळी बाहेर वळलेली. पंधरा वर्षांपूर्वी याच दुकानाचं शटर बोटावर पडलं होतं, तेव्हापासून वाकडी.

"बाबा," ती हळूच म्हणाली. मला नाही, स्क्रीनला.

मी करंगळी पाहत नव्हते. हाताच्या मागच्या बाजूला सलाईनची सुई होती आणि सुईवर निळ्या कापडी टेपची पट्टी. दवाखान्यातली टेप पांढरी असते. त्या सोमवारी सकाळी सुई निसटत होती, सिस्टर येईना, म्हणून मी पर्समधली टेप दातांनी तोडून लावली होती. शाळेच्या रजिस्टरांच्या पाठीला लावतो ती. एक टोक तिरपं गेलं होतं. फोटोतही तिरपंच होतं.

आमूने तो हात शेवटी पाहिलेलाच नव्हता.

फोटोची वेळ पाहिली. दहा चाळीस. तिने कॅमेऱ्याचं घड्याळ कधी बदललंच नव्हतं, ते बाबांनी लावलेल्या आपल्या वेळेवरच होतं. तिकडे तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते.

"आई, हे निळं काय आहे हातावर?"

"टेप असेल कसली," मी म्हटलं.

तेवढ्यात कॉम्प्युटरवाला आला. विकायचा नाही म्हणून सांगितलं.

"मग बोलावलं काहून मॅडम? नागपूरहून आलो ना मी."

मी माफी मागितली. कॉम्प्युटर आम्ही ऑटोत घालून घरी आणला. वाटेत मी मांडीवरचा मॉनिटर धरून बसले होते आणि तो गुरुवार आठवत होते. "बरं" म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी तेव्हा औषधांची यादी तपासत होते.

नंतर त्यांच्या धंद्यातल्या दोघा मित्रांना फाइल दाखवली. एक म्हणाला, फोटो जोडलेला नाही. दुसरा म्हणाला, "वहिनी, मले विचारू नका," आणि उठून बाहेर गेला. आमूने त्या शाळेत चौकीदाराला निरोप पाठवून विचारलं. तुझ्याशिवाय कोणी नव्हतं, असं उत्तर आलं. मी माझ्या परीने सगळं तपासलं. ती टेप मी लावली, एवढंच मला नक्की माहीत आहे. बाकी कशाचाही कागद माझ्याकडे नाही.

पण त्याआधी, त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी मी शाळेत फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. आमूला उठवलं, चहा दिला आणि तिच्यासमोर बसले.

"गुरुवारी बाबांनी तुला बोलावलं होतं," मी म्हटलं. "शुद्धीवर होते. मी तुला कळवलं नाही. तेव्हा त्यांनी नको म्हटलं नव्हतं, मीच कळवलं नाही. आणि नंतर तुझ्याशी खोटं बोलले."

तिने कप खाली ठेवला.

"काय म्हणाले होते?"

"आमूले बोलाव आता, म्हणाले."

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी पुन्हा शाळेत फोन केला, आज येत नाही म्हणून. मग दाराबाहेर खुर्ची ओढून बसून राहिले.