चार रिक्षा, चार कडवी

कागद बघून गायचं नाही, हा भिमाबाईंचा नियम. जेलरोडच्या त्यांच्या गायनपार्टीत सोळा बाया. बाबासाहेबांवरचं गाणं भिमाबाईंनीच रचलेलं. त्यात कडवी चार: बालपण, शाळा, महाडचं तळं आणि दीक्षा. एकेक कडवं चौघींना पाठ. ज्या मैत्रिणी, त्यांचं कडवं एक आणि रिक्षाही एक. वाटेत तालीम होई आणि गप्पाही.

गेल्या वर्षी वणीला जाताना एक रिक्षा दिंडोरीजवळ बंद पडली. नेमकी तळ्याच्या कडव्याची. मग काय, स्टेजवर बाबासाहेब शाळेतून निघाले ते थेट दीक्षाभूमीवर पोचले! लोक गालातल्या गालात हसले.

यंदा बोलावणं सायखेड्याचं, म्हणजे भिमाबाईंच्या माहेरचं. भावजय पहिल्या रांगेत बसणार. तिच्यासमोर गाणं तुटलं, तर पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात तोच विषय.

"आजी, तुझा बर्स्ट एरर झालाय," इंजिनिअरिंगची परीक्षा जवळ आलेली नात पायल म्हणाली.

"मला कुठलाबी आजार झालेला नाय."

"आजार नाही गं! आम्ही डेटा पाठवतो ना, त्यात थोडा जास्तीचा डेटा घालतो. एखाददुसरा तुकडा हरवला तर बाकीच्यांवरून तो भरून काढता येतो. पण सलग तुकडे गेले की संपलं, तोच बर्स्ट एरर. म्हणून पाठवायच्या आधी सगळ्याची सरमिसळ करायची. मग सलग खड्डा पडला तरी परत जागेवर लावल्यावर तो सगळीकडे थोडाथोडा विखुरतो. तुझ्या कडव्यातली एक बाई कमी पडली तर तिघी ओढतील. चौघी गेल्या तर कोण ओढणार?"

भिमाबाईंनी तोंडातलं पान थुंकलं. मग फर्मान निघालं: प्रत्येक रिक्षात प्रत्येक कडव्याची एकेक बाई. स्टेजवर मात्र आपापल्या कडव्यात उभं राहायचं.

कॉलनीत गहजब झाला. तळ्याच्या कडव्यातल्या उज्वला आणि छाया तर लग्न होऊन आल्यापासून एकमेकींना चिकटलेल्या.

"भिमाआक्का, आमी काय भांडलो का, म्हून येगळं बसवता?" उज्वला म्हणाली.

"नाय भांडल्या, म्हून तर लय काळजी हाय," भिमाबाई म्हणाल्या.

आणि चांदोरीच्या पुढे एक रिक्षा पंक्चर झालीच. तीत उज्वला. भिमाबाईंनी वाट पाहिली, मग माईकवर नाव पुकारलं गेलं तशा उभ्या राहिल्या. बालपण झालं, तिघींत. शाळा झाली. तळ्याला उज्वलाची जागा रिकामी. छायाने दोघींचा आवाज एकटीने काढला. दीक्षेलाही एक आवाज कमी, पण शब्द एकही सुटला नाही.

"वन्सं, गाणं बरं झालं," भावजय म्हणाली. "जरा हळू ऐकू आलं, एवढंच."

भिमाबाईंना हे "जरा हळू" साखरेसारखं गोड लागलं.

टाळ्या संपता संपता उज्वला धापा टाकत पोचली.

"झालंसुद्धा? आमच्यावाचून? म्हंजे आमी असलो काय आन् नसलो काय, सारखंच!"

समजूत घालायला छायाने तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

"बोल की!"

छायाने गळ्याकडे बोट दाखवलं. उज्वलाचा चेहरा एकदम खुलला.

"चला, कुणाचं तरी अडलं म्हणायचं," ती म्हणाली आणि छायासाठी चहा आणायला निघाली.