संगीत विभागाच्या दारात घातलेलं गाऱ्हाणं

मंडळी, अजून डोकं तापलेलं आहे. आमच्या विद्यापीठाने आज संगीत विभाग बंद केला. म्हणे, विद्यार्थीच नाहीत! मग दारात ठाण मांडून बसलेलो आम्ही कोण होतो?

विद्यापीठाचे एक साहेब कुलूप घेऊन आले. पखवाज शिकवणाऱ्या आमच्या सरांनी उंबऱ्यावर नारळ ठेवला आणि देवळात घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यां दार बंद करूक इलेल्याक सद्बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो. सवयीने साहेबही ओरडले. तळकोकणातल्या बांद्याचेच ना ते!

आणि त्याच तोंडाने "वरून आदेश आहे" म्हणत त्यांनी कुलूप लावलं.

आता तुम्हीच सांगा, येत्या जत्रेत दशावताराच्या साथीला काय कुलूप वाजवायचं?