डीटरबद्दल मी जे बोललो नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर ओमानमधली सगळी वर्षं माझ्यासोबत होती. आता थकलोय. सांगून टाकतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी ओमानमधल्या बरका गावाजवळ, सुरक्षारक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका खासगी कंपनीत होतो. पुण्यात हौसेनं जर्मन शिकलो होतो, म्हणून दुभाष्याचं काम मिळालं — डीटरचा दुभाषा. डीटर लायप्झिगचा निवृत्त वाहतूक पोलीस. साठीचा, उन्हानं लालबुंद झालेला. तो जर्मनमध्ये शिकवायचा, मी हिंदीत सांगायचो; रक्षक बहुतेक आपल्याकडचेच.

प्रत्येक नव्या तुकडीला पहिले दोन दिवस तो नुसता इतिहास शिकवायचा. रक्षकांना तो कशाला? — मीच विचारलं होतं. म्हणाला, "वर्दी चढवण्याआधी वर्दीनं काय काय केलंय, ते कळायला नको?" हिटलरनं सगळे पोलीस एका मुठीत घेतले, म्हणून युद्धानंतर पश्चिम जर्मनीत ते राज्याराज्यांत वाटून टाकले. पूर्व जर्मनीत मात्र पुन्हा एकच दल — लोकपोलीस. डीटर त्यातला. आणि माणसांमागे हेर लावणारं खातं, ते वेगळं. हे सांगताना तो फळ्यावर दोन चौकोन काढायचा, मध्ये जाड रेघ. देश एक झाल्यावर, हेरखात्याशी संबंध होता का, अशी त्याचीही चौकशी झाली. काही निघालं नाही, नव्या राज्य पोलिसांत त्याला घेतलं. त्या चौकशीच्या कागदांचं भाषांतर मीच केलं होतं. म्हणजे — मला माहीत होतं.

एका सकाळी अर्बाबनी, आमच्या मालकांनी, बोलावलं. कुणीतरी त्यांच्या कानावर काहीतरी घातलं होतं.

"गायकवाड, हा पूर्व जर्मनीचा. म्हणजे ते हेरखातंच ना?"

काय अवघड होतं? एक वाक्य. नाही साहेब, हा चौकात शिट्टी वाजवायचा. पण — शिकवण्याची ती जागा मला हवी होती. दुसऱ्याचीच वाक्यं किती वर्षं बोलायची? शिवाय अर्बाबना खोडून काढायची छाती नव्हती. हाव आधी की भीती आधी, ते अजून मला सांगता येत नाही.

"असेल, साहेब," मी म्हणालो. "तिकडं सगळं एकच होतं."

खलास. महिन्याभरात डीटरचा करार संपवला. कारण दिलं नाही.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्यानं टिपणांची फाइल माझ्या हातात ठेवली. "तुम्ही नीट शिकवाल." मग जरा घुटमळला. "माझ्याबद्दल तुम्हाला काही विचारलं होतं का त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत बघून. त्याला खरं वाटलं. माझ्या खांद्यावर थोपटून तो आत गेला.

पुढं सात वर्षं मी त्याच्याच टिपणांवर शिकवलं. चांगलं शिकवलं — हे आणखी वाईट की बरं?

दर नाताळला त्याचं कार्ड यायचं. मग एका वर्षी त्याच्या मुलीचं पत्र आलं. बाबा गेले. ओमानमध्ये माझं काय चुकलं, असं शेवटपर्यंत विचारायचे. तिथं तुम्ही त्यांचे एकमेव मित्र होतात, तुमचे आभार.

मी तिला उत्तर पाठवलं. सांत्वनाचं, दोन पानी, शुद्ध जर्मनमध्ये. त्यातही हे लिहिलं नाही.