मानेचं दुखणं

मामा जमिनीवर पालथा पडलाय, टेबलाचा पाय दोन्ही हातांनी गच्च धरून. मी दाराला पाठ लावून उभी. बाहेरून दुईलिया दार बडवतेय.

"नाझारेनो! काय पडलं आत?"

"खोकं पडलं," मीच ओरडले. "रिकामं होतं."

"तुला कोण विचारतंय, मिलेना? आणि तू आत काय करतेस?"

दुईलिया आमची मालकीण. अकॉर्डियनचा कारखाना तिच्या बापाचा, आता तिचा. मामा तिथं सूर लावतो. ही त्याची खोली, कपाटाएवढी, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना बुचाच्या जाड लाद्या ठोकलेल्या. कारखान्यात मालकिणीच्या खालोखाल मान या खोलीला. मी बाहेर मेणाच्या टेबलावर. शाळा सोडली तेव्हापासून तिथंच. अकॉर्डियनच्या आत पोलादाच्या जिभा असतात, त्या खरवडून सुरात आणायच्या ते मामानं, मेण वितळवून लाकडात बसवायच्या त्या मी.

"मान धरलीय त्याची," मी फटीतून सांगितलं.

दुईलियाचा आवाज लगेच उतरला. "अगं, मग आधी सांगायचं नाही का! तरी मी म्हणते त्याला, दार-खिडकी एकदम उघडी टाकू नकोस. वारं बसलं असणार. थांब, शाल आणते."

आमच्याकडे हे असंच आहे. चक्कर येऊ दे नाहीतर डोकं ठणकू दे, दोष मानेचा. माझ्या आईची मान, टपालवाल्याची मान, पाद्र्याची मान. मानेला वारं लागलं की संपलं. मामानं दोन वर्षं भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर बांधला. मान चोळणाऱ्या बाईकडे गेला. शेजारच्या म्हातारीनं ताटातल्या पाण्यात तेलाचे थेंब सोडून दृष्टसुद्धा काढली. चक्कर काही थांबली नाही. आली की अख्खं घर फिरायचं, ओकून ओकून आतडी बाहेर यायची. मग स्वयंपाकघरातल्या थंड फरशीला गाल लावून पडायचा आणि ओव्हनच्या एका स्क्रूकडे बघत राहायचा. नजर हलली की पुन्हा ओकारी. ते ओसरलं की डोकं दुखायचं, डाव्या कानात कुणीतरी फाटका भाता ओढत बसलंय असा आवाज. पुन्हा कामावर. पुन्हा तेच.

शेवटी मीच त्याला आंकोनाला, शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण बाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, मान ठणठणीत आहे. कानाच्या आत पाणी साठतंय, तोल तिथूनच जातो. मीठ बंद, कॉफी बंद, या गोळ्या घ्या. कमी-जास्त होत राहील, पूर्ण जाणार नाही.

परत येताना गाडी मी चालवत होते. मामानं गळ्यातला मफलर सोडला, पुन्हा बांधला. मग म्हणाला, "मिलेना, मान आहे."

"काय मान?"

"लोकांना सांगायचं ते. सूर लावणाऱ्याची मान दुखली तर मालकीण शाल आणते. कान दुखला तर खोली काढून घेते."

"पण त्या बाई तर म्हणाल्या..."

"त्या बाईंना अकॉर्डियन विकायचंय का?"

झालं. तेव्हापासून मान. विचारलं की मान. मामा कॉफीऐवजी जवाची कॉफी मागायला लागला तेव्हा गावातल्या कॉफीच्या बारमधले सगळे खिदळले. "काय रे नाझारे, दिवस गेलेत का?" मी म्हटलं, "हो, आणि बापाचं नाव सांगितलं तर तुझ्या घरी भांडण होईल." इवाना मामी घरात सगळंच आळणी करायला लागली. पाव आमच्याकडचा तसाही आळणीच, आता चीज आळणी, सूप आळणी. मामा काही न बोलता गिळायचा. तो चिडला असता तर बरं वाटलं असतं मला. पण चिडायलाही जोर लागतो.

तर मी दाराला पाठ लावून उभी होते त्या दिवशी शाल आली, मामा भिंतीला धरून उठला, शाल गुंडाळून खुर्चीत बसला. तोंड पांढरंफटक. आणि दुपारी सेस्तो आला.

सेस्तो गावोगावच्या लग्नांत वाजवतो. महिन्याभरापूर्वीच त्याचं अकॉर्डियन मामानं सुरात लावून दिलं होतं. त्यानं ते टेबलावर आदळलंच.

"नाझारे, हे काय करून दिलंस? खालचे सूर असे वाजतात, जसे दोन दारुडे एकमेकांना धरून घरी चाललेत!"

"तू पावसात नेलं असशील," मी मधे पडले.

"ए पोरी, ते मेण तोंडात घाल तुझ्या."

दुईलिया आली. एक खालचा सूर धरून ऐकला. पुन्हा ऐकला. मामाकडे बघितलं. "मानेनं सूर बिघडतो का रे, नाझारेनो?"

मामानं शाल गळ्याभोवती आणखी घट्ट ओढली.

"शुक्रवारी सेस्तोला हे नीट करून दे. नाही जमलं, तर तो मशीनवर सूर बघणारा पोरगा आहे ना, त्याला बसवते मी या खोलीत. मला धंदा करायचाय."

ती गेल्यावर मी दार लावलं. "मामा, झालं काय नेमकं?"

तो डोळे मिटूनच बोलला. "एकच जीभ वाजवली तरी मला दोन ऐकू येतात. उजव्या कानात बरोबर, डाव्यात जरा उतरलेली. मी बसलोय दोघी जुळवत. खरवडतोय, खरवडतोय. जुळतच नाहीत."

"मग डावा कान बंद कर ना!"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याला घर सोडून जा म्हटलंय. पण दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडून मेणाची गोळी मागून घेतली, मऊ केली आणि कानात कोंबली. डोकं जराही न हलवता, टेबलाखालचा भाता पायानं दाबत, एकेक जीभ पुन्हा लावायला बसला. मधेच थांबायचा, टेबलाची कड धरायचा, पुन्हा सुरू. मी कुणाला दाराजवळ फिरकू दिलं नाही. दुईलियाच्या मांजरालासुद्धा हाकललं.

शुक्रवारी सेस्तोनं पट्टे खांद्यावर घेतले आणि नाचाचा एक वाल्ट्झ वाजवला. खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला. दुईलियाची टाच जमिनीवर ठेका धरत होती.

"हां," सेस्तो म्हणाला. "हे माझं अकॉर्डियन."

दुईलिया म्हणाली, "मग मान बरी दिसतेय," आणि निघून गेली. त्या मशीनवाल्या पोराचं नाव निघालं नाही. मी मामाच्या पाठीत थाप मारणार होते, पण त्याला चक्कर येईल म्हणून मारली नाही.

आणि सोमवारी मामानं त्या खोलीची किल्ली दुईलियाच्या हातात ठेवली. सगळ्यांसमोर. म्हणाला, "मान नव्हती. कान आहे. मला मेणाच्या टेबलावर बसव." दुईलियानं किल्ली खिशात टाकली. मग म्हणाली, "पगार कमी होईल." मामा म्हणाला, "होऊ दे."

तो माझ्या शेजारी येऊन बसला. माझं टाळकं सरकलं. "कशाला? आपण जिंकलो होतो ना! मी काय उगीच दारात उभी राहिले का?"

"मेण उतू जातंय," तो म्हणाला. "बघ तिकडे."

किती महिने मी त्याच्याशी धड बोलले नाही. शेजारी बसून. तो मेण लावायचा, मी मेण लावायचे. तो चांगलं लावायचा नाही, मेण जिभेवर सांडायचं त्याचं.

ईस्टरला मामीकडे भांडी घासत होते तेव्हा मामीनं सांगितलं. सेस्तोचं अकॉर्डियन लावत होता त्याच आठवड्यात उजव्या कानालाही तोच त्रास सुरू झाला होता, गुरुवारी दुपारी, खालच्या शेवटच्या काही जिभा राहिल्या असताना. एकीच्या दोन तिथंही ऐकू यायला लागल्या. भरवशाचा एकही कान उरला नाही, म्हणून त्यानं त्या खरवडल्याच नाहीत; शुक्रवारी त्या सुरात निघाल्या ते नुसतं नशीब. होत्या तशाच माझ्याकडे दिल्या आणि मी त्या मेणानं बसवल्या.