खाली राहणारा काटा

गाडीचा काटा खाली असला की आमच्या ह्यांची छाती फुगायची. तापमानाचा काटा. हडपसरच्या सिग्नलला सगळी दुनिया शिजत असताना आमचा काटा आपला खालीच. "इंजिन कसं थंडगार आहे बघा," असं पार्किंगमध्ये शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे, आणि ती निवृत्त मंडळी माना डोलवायची. नोकरीतून निवृत्त झालेल्या पुरुषाला मोटारीतलं सगळं कळतं, हे पुण्यात कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. इंजिनाला ठरावीक ऊब लागते, साधारण नव्वद अंशांची. काटा मधोमध येऊन तिथेच राहायला हवा. त्याखाली इंजिन नुसतं पेट्रोल पितं. हे मी एकदा सांगितलं. "अगं, त्या पुस्तकातल्या गोष्टी," हे म्हणाले. विषय संपला.

मग गाडी खरोखरच पेट्रोल प्यायला लागली. सकाळी आचके द्यायची, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा तर कायमचा मुक्कामाला आला. पार्किंगमधल्या तज्ज्ञांनी निदान केलं की गाडीचं वय झालं. वाघोलीचा जुन्या गाड्यांचा एजंट रविवारी ती बघायला येणार, हे मला सगळ्यांना चहा देताना कळलं.

गाडी चालवते मी. दर बुधवारी लोणी काळभोरला, धाकट्या बहिणीकडे. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला आहे. तिचे केस गुडघ्यापर्यंत, आणि ते धुवायला ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. तिकडे जायला कॅब मिळते, परतायला मिळत नाही. बस माझ्या गुडघ्यांना झेपत नाही. गाडी गेली की बुधवार गेला. ह्यांना हे सगळं ठाऊक होतं. "रोज फोन करत जा की," एवढं सुचवून त्यांनी पेपर उघडला. मला त्या क्षणी त्यांचा खरोखर तिटकारा आला.

शनिवारी सकाळी मी बॉनेट उघडलं, गार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या नळीवर हात ठेवला. थर्मोस्टॅट म्हणजे एक लहानशी झडप. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते, म्हणून नळी आधी गार राहते आणि मग एकदम चटका देते. आमची नळी पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत होती. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला तर काटा आणखीच खाली. झडप उघडीच अडकली असणार, असं मला वाटलं. मी भाबडीच म्हणायची.

"अडकायला आहे कुठं, मॅडम?" हडपसरचा गॅरेजवाला म्हणाला. "मागं गाडी तापली तवा साहेबच म्हणले, काढून टाक, आपल्या हवेला लागत नाय. लय लोकं काढत्यात."

कडी अडकली म्हणून ह्यांनी दारच उपटून फेकलं होतं, आणि वर आत येणाऱ्या वाऱ्याचं कौतुक करत बसले होते!

"नवा बसवा," मी म्हटलं.

"साहेबांना इचारता का?"

"गाडी कोण चालवतं?"

त्याने बसवला.

रविवारी सकाळी ह्यांना शेजारी बसवून मी एक चक्कर मारली. काटा चढत मधोमध आला तसे हे ओरडले, "थांब, थांब, गाडी तापली!"

"तापली नाही. बरी झाली."

एजंटला मी दारातूनच परत पाठवलं. हे कुरकुरले, "मी त्याला शब्द दिला होता." मी म्हटलं, "मग तुमची स्कूटर दाखवा."

बुधवारी मी शिकेकाई घेऊन लोणीला गेले. काटा वाटभर मधोमध. बहिणीच्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. मी तो सोडला. आत केस नव्हते, कानाच्या वर कातरलेले खुंट होते.

"दाजींचा फोन आलता शनिवारी," ती म्हणाली. "गाडी इकतोय, आता हिचं येणं जमायचं नाय म्हणले. मग शेजारणीकडनं कापून घेतलं. आता न्हायला घालायचं कामच नाय, ताई. तू नाय आलीस तरी चालंल."

मी शिकेकाई तशीच पिशवीत ठेवली आणि तिच्या खुंटांवरून हात फिरवत बसले. ती रडली नाही. मीच रडले.

संध्याकाळी घरी पोचले. ह्यांनी दारातच विचारलं, "काटा कुठे होता?"